वेस्टर्न घोड्याला कोणतं बिट? आमच्या सोनीने वापरलेल्या बिटांचा अभिप्राय

निकाल आधी सांगून टाकते, कारण दुकानात बिटांच्या, म्हणजे घोड्याच्या तोंडात बसणाऱ्या लगामाच्या दांड्यांच्या, भिंतीसमोर उभ्या असलेल्या माणसाला तोच हवा असतो. घोडा शिकलेला आहे, तुम्ही हौशी आहात, आठवड्यातून दोन-तीनदा रपेट होते आणि घरातलं मूलही त्याच घोड्यावर बसतं, असं असेल तर तीन तुकड्यांचं, गुळगुळीत, स्वीट आयर्नचं (साध्या, गंजणाऱ्या पोलादाचं) डी-रिंग स्नॅफल, म्हणजे डी आकाराच्या कड्यांचं, तरफ नसलेलं बिट घ्या. आमच्या सोनीच्या तोंडात तेच टिकलं. त्याला मी पाचपैकी पाच गुण देते. बाकीच्यांचे गुण जागच्या जागी येतील. एकाला शून्य आहे आणि त्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तेच बिट नवख्या लोकांना सर्वांत जास्त विकलं जाताना मी बघते.

आम्ही टेक्सासात राहतो, फोर्ट वर्थच्या पश्चिमेला, वेदरफर्डजवळ. हे गाव स्वतःला कटिंग घोड्यांची (कळपातून गाय वेगळी काढणाऱ्या घोड्यांची) जागतिक राजधानी म्हणवून घेतं, आणि इथल्या रस्त्यांवरून धावणारे घोड्यांचे ट्रेलर बघितले की ते पटतं. सोनी आमची पालोमिनो क्वार्टर हॉर्स घोडी. अंग सोनेरी, आयाळ पांढरी, पाठ रुंद, जीभ जाड. या यादीत जीभ का आली ते पुढे कळेल. ती माझी आणि माझ्या बारा वर्षांच्या अन्वीची मिळून आहे, आणि बिटाचा सगळा शोध सुरू झाला तो अन्वीच्या एका वाक्यावरून. "आई, ती थांबतच नाही गं. हिला मोठं बिट लावू या ना."

हे वाक्य इथल्या कुठल्याही पागेत मोठ्या माणसांच्या तोंडीही ऐकू येतं. घोडा ऐकत नाही, म्हणजे लोखंड वाढवा. पण साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर पळायचंच ठरवलं तर कुठलंही लोखंड त्याला थांबवत नाही. दुखलं की ते उलट जास्त पळतं, मान वर फेकतं, नाहीतर मागच्या दोन पायांवर उभं राहतं. थांबणं घोडा शिकतो ते आपल्या बैठकीतून, आवाजातून, आणि वादी (बिटापासून आपल्या हातात येणारा लगामाचा पट्टा) ओढल्यावर ती किती पटकन सोडली जाते त्यातून. बिट फक्त निरोप पोचवतं. तो निरोप स्पष्ट पोचतो की कर्कश, एवढं मात्र नक्की बिटावर अवलंबून आहे, आणि म्हणूनच ते निवडण्यात मी इतका जीव घातला.

काहीही विकत घेण्याआधी घोड्याचं तोंड बघून घ्या. मी घोड्यांच्या दातांचं काम करणाऱ्या पशुवैद्य बाईंना बोलावलं. सोनीला गुंगीचं इंजेक्शन देऊन, तोंड उघडं ठेवणारा सांगाडा लावून, डोक्यावर दिवा बांधून त्यांनी मला आत बघायला लावलं. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये एक रिकामी जागा असते. बिट टेकतं ते तिथे. त्या जागेवर मांस जवळजवळ नसतंच. हाडावर पातळ हिरडी, बस. बाईंनी माझं बोट धरून त्या हाडाच्या कडेवरून फिरवलं. कड धारदार लागते. तिथे दांडी दाबली की काय होत असेल, हे त्यानंतर कुणी समजावून सांगावं लागत नाही.

त्याच तपासणीत बाकीचंही कळलं. सोनीच्या दाढांच्या बाहेरच्या कडा वाढून अणकुचीदार झाल्या होत्या आणि गालाच्या आतल्या बाजूला घासत होत्या. त्या त्यांनी कानशीने घासून सपाट केल्या. इथे याला फ्लोट करणं म्हणतात आणि वर्षातून एकदा तरी दात तपासून घ्यायचे असतात. लांडगेदात, म्हणजे दाढांच्या ओळीच्या पुढे काही घोड्यांना येणारे छोटे दात, तिला नव्हते. असले तर बिट लावण्याआधी ते बहुतेक वेळा काढून टाकतात, कारण दांडी त्यांच्यावर आपटते. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिची जीभ जाड आणि टाळू खाली उतरलेला. मिटलेल्या तोंडात बिटाला जागाच थोडी. ही गोष्ट बाहेरून कधीच दिसली नसती. दात घासल्यावर आठवडाभरात तिचं डोकं झटकणं बरंचसं कमी झालं, तेही बिट न बदलता.

माप घेणं सोपं आहे. लाकडाची गोल काडी बिटाच्या जागी तोंडात आडवी धरायची, दोन्ही ओठांच्या कडेला पेन्सिलीने खूण करायची आणि मधलं अंतर मोजायचं. क्वार्टर हॉर्सना सहसा पाच इंची बिट लागतं. अरबी घोड्यांचं तोंड अरुंद, त्यांना पावणेपाच इंचीही चालतं. सोनीचं माप पावणेपाचच्या किंचित वर निघालं, म्हणून पाच इंची घेतलं. दोन्ही बाजूंना अगदी थोडी मोकळीक राहते. फार रुंद घेतलं तर बिट इकडून तिकडे सरकतं आणि मधला सांधा एका बाजूच्या हिरडीवर जाऊन बसतो. अरुंद घेतलं तर बाजूच्या कड्या ओठ चिमटतात.

आता एकेक बिट.

घोडीबरोबर आलं होतं ते साधं, दोन तुकड्यांचं, स्टेनलेस स्टीलचं डी-रिंग स्नॅफल. मधे एकच सांधा. सगळ्यात जास्त दिसणारं बिट हेच. स्नॅफलमध्ये वादी थेट तोंडातल्या दांडीच्या कडीला जोडलेली असते, तरफ नसते. हातात जेवढा जोर तेवढाच तोंडात. वाईट बिट नाही, पण दोन्ही वाद्या एकदम ओढल्या की ते मधून मुडपतं आणि जीभ अडकित्त्यात धरल्यासारखी आवळली जाते. त्याचा सांधा टाळूला टोचतो असं पागेत सर्रास सांगतात. हिलरी क्लेटन या पशुवैद्य संशोधिकेने सहकाऱ्यांबरोबर १९८४पासून घोड्यांच्या तोंडात बिट नेमकं कसं हलतं ते चालत्या क्ष-किरणांच्या चित्रात पाहिलं आहे. त्यात दिसलं की वादी ताणली की बिट जिभेत रुततं आणि टाळूपासून उलट लांब जातं. म्हणजे त्रास मुख्यतः जिभेला. सोनीसारख्या जाड जिभेच्या घोडीला तो जास्तच होत असणार. ती या बिटात तोंड उघडायची, जीभ मागे ओढायची. पातळ जिभेच्या घोड्याला हेच बिट छान चालतं, पागेत तशी उदाहरणं आहेत. माझे गुण तीन.

यानंतर आलं तीन तुकड्यांचं. दोन बाजूंच्या दांड्या आणि मधे छोटा, गुळगुळीत, हाडाच्या आकाराचा तुकडा. इथे याला डॉगबोन म्हणतात. दोन सांधे असल्यामुळे ते जिभेवर मऊ कमानीत पसरतं, दाब एका बिंदूवर येत नाही. घेताना एक गोष्ट आवर्जून बघा. मधला तुकडा गोल असेल तर प्रश्न नाही. पण पट्टी असेल तर ती जिभेवर सपाट बसते की कडेवर उभी राहते, ते हातात धरून तपासा. फ्रेंच लिंक नावाच्या बिटाची पट्टी सपाट पडते. डॉक्टर ब्रिस्टल नावाचं बिट दिसायला अगदी तसंच, पण त्याची पट्टी कोन करून बसवलेली असते आणि कड जिभेत रुतते. दुकानात दोन्ही एकाच खिळ्यावर टांगलेली मी पाहिली आहेत.

स्वीट आयर्नबद्दल लोक बिचकतात, कारण ते गंजतं. गंजूच द्या. ते साधं, कमी कार्बनचं पोलाद आहे, त्यावर तांबूस थर चढतो आणि बहुतेक घोड्यांना ती चव आवडते. तोंडाला लाळ सुटते, घोडा बिट हळूहळू चघळतो, जबडा सैल राहतो. जबडा सैल म्हणजे मान सैल, आणि मान सैल म्हणजे पाठ सैल. आमच्या बिटात तांब्याच्या बारीक पट्ट्याही बसवल्या आहेत. पूर्ण तांब्याचं घेऊ नका. ते मऊ असतं, घोडा चावून चावून त्याला खडबडीत कडा पाडतो. ॲल्युमिनियम तर नकोच, त्याने तोंड कोरडं पडतं. रपेट झाली की मी बिट साध्या पाण्यात धुते, कोरडं पुसते आणि टांगून ठेवते. गंज घालवायला कसलंही रसायन लावायचं नाही, ते शेवटी तिच्या पोटात जाणार.

किंमत ६५ डॉलर पडली. त्याच दुकानात २० डॉलरलाही तसंच दिसणारं बिट होतं, पण त्याच्यावर चकचकीत मुलामा होता, आणि असा मुलामा पुढे पापुद्रे धरून उडतो, त्याच्या कडा पात्यासारख्या असतात. एक युक्ती माझ्या ट्रेनरकडून शिकले. पातळ नायलॉनचा मोजा हातावर चढवायचा आणि बिटावरून, खास करून सांध्यांवरून, फिरवायचा. धागा जिथे अडकेल तिथे हिरडीही सोलली जाईल. ६५वाल्यावर एकही धागा अडकला नाही.

डी-रिंग का, तर सरळ बाजू असलेली ती कडी गालाला टेकते आणि वळवताना घोड्याला बाजू स्पष्ट कळते. ओ-रिंगमध्ये कडी मोकळी फिरते, काही घोड्यांना ती हालचाल आवडते, पण ओठाची कड कधी कधी चिमटली जाते. अन्वीचा हात अजून पक्का नाही, म्हणून मला स्थिर कडी हवी होती. कड्यांच्या खालून हनुवटीमागे एक सैल पट्टा बांधतो, वाद्यांच्या खाली. स्नॅफलवर या पट्ट्याचं काम एवढंच की जोरात ओढलं गेलं तरी कडी तोंडात शिरू नये. ओठांच्या कोपऱ्याला बिट नुसतं टेकलेलं, फार तर एक सुरकुती, एवढंच मी वर घेते. पुष्कळ जण दोन-तीन सुरकुत्या पडेपर्यंत ताणतात. त्यात घोड्याचे ओठ सदा खेचलेले राहतात आणि वादी सैल सोडली तरी त्याला सैल वाटत नाही. मग त्याने बरोबर उत्तर दिल्याचं बक्षीस त्याला मिळणार कसं?

बदल काय झाला, तर पहिल्याच रपेटीत सोनीचं तोंड मिटलेलं राहिलं. जॉग (संथ दुडकी) करताना डोकं खाली, कान माझ्याकडे. थांबायला तिला आधीपेक्षा जास्त अंतर लागलं, हेही प्रामाणिकपणे नोंदवते. काही दिवस ती बिट नव्याने समजून घेत होती. मग आम्ही थांबण्याचा धडा पहिल्यापासून गिरवला. खोगिरात खोल बसायचं, श्वास सोडायचा, "व्हो" म्हणायचं आणि सगळ्यात शेवटी बोटं मिटायची. थांबली की बोटं त्याच क्षणी उघडायची. आता बहुतेक वेळा बोटांपर्यंत वेळच येत नाही. पाच गुण ते यासाठी.

आणि आता शून्य. टॉम थंब.

दिसायला गोजिरवाणं. मधे सांधा असलेली दांडी, दोन्ही बाजूंना आखूड सरळ शँक (तोंडाबाहेर खाली उतरणारे दांडे), हनुवटीखाली पट्टा. विकणारे सांगतात की शँक आखूड आहे, मधे सांधा आहे, म्हणजे हे मऊ, स्नॅफलसारखंच. एका मोठ्या दुकानात तर त्यावर चिठ्ठीही तशीच लावली होती. हे स्नॅफल नाही. ज्या बिटाला शँक आहे आणि वादी शँकच्या टोकाला बांधली जाते, त्यात तरफ आली. बिटापासून वरच्या कडीपर्यंतचं अंतर दीड इंच आणि खाली वादीपर्यंतचं साडेचार इंच धरा. प्रमाण एकास तीन. तुम्ही दोन किलोने ओढलंत तर तोंडात ढोबळमानाने सहा किलो पोचतात. शिवाय कानांमागे डोक्यावर दाब येतो आणि हनुवटी पट्ट्यात आवळली जाते.

तरफ स्वतः वाईट नाही. वाईट आहे ती तरफ आणि सांधा यांची ही विशिष्ट जोडी. डावी वादी ओढली की डाव्या शँकचं खालचं टोक बाहेर येतं आणि वरचं टोक गालफडात रुततं. दांडी मधून मुडपते, जीभ दबते. पट्टा आवळतो, डोक्यावरून दाब येतो. तुम्ही एवढंच म्हणालात की डावीकडे वळ, आणि घोड्याला चार ठिकाणी चार वेगळे निरोप गेले. त्यात शँक सरळ असल्यामुळे आगाऊ सूचना नाहीच, ओढलं की लगेच दणका. पागेतल्या एका रायडरने तिचं टॉम थंब सोनीला लावून बघायला दिलं होतं. कुंपणाच्या आत, चालवतच, मी ते बघितलं. सोनीने नाक पुढे काढलं, मान ताठ केली आणि वळताना खांदा बाहेर टाकला. मी उतरले आणि ते काढून ठेवलं. तुमचा घोडा टॉम थंबमध्ये मान झटकत असेल, तर कृपा करून त्याला हट्टी म्हणू नका. आधी ते बिट काढा.

माइलरचं कम्फर्ट स्नॅफल मी ट्रेनरकडून उसनं घेऊन वापरलं. या बिटाची दांडी जिभेच्या आकारात वाकलेली असते आणि मधल्या सांध्यावर एक छोटी नळी असते, त्यामुळे दोन्ही बाजू स्वतंत्र फिरतात पण मधून मुडपत नाहीत. डावी बाजू उचलली तर डावीच उचलते. सोनीला हेही मानवलं, वळताना तर तीन तुकड्यांपेक्षा एक कण जास्त स्वच्छ. जाड जिभेच्या, चटकन वैतागणाऱ्या घोड्यासाठी मी हेच सुचवेन. साडेचार गुण. अर्धा गुण किंमतीचा कापला, साध्या स्नॅफलच्या मानाने हे बरंच महाग पडतं, आणि आमचं काम स्वस्तात भागत होतं. या कंपनीच्या बिटांना प्रशिक्षणाच्या पायरीप्रमाणे लेव्हल दिलेले असतात, ते वाचून घ्या. चित्रात सारखी दिसणारी दोन बिटं जिभेवर वेगळी वागतात.

शेवटचं म्हणजे लूज-जॉ कर्ब. कर्ब म्हणजे शँक असलेलं, तरफेचं बिट. तोंडात मधे बुटकी कमान, म्हणजे लो पोर्ट, शँक आखूड आणि मागे झुकलेले, आणि शँक दांडीला बिजागरीसारखे जोडलेले. ही खरी वेस्टर्न पद्धत, एका हातात वाद्या धरून, मानेला वादी टेकवून घोडा वळवायचा. मागे झुकलेल्या शँकमुळे हात उचलला की शँक आधी नुसता हलतो, दाब नंतर येतो. शहाणी घोडी त्या हलण्यालाच उत्तर देते. हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत. घट्ट असेल तर सूचना आणि शिक्षा यांत अंतरच उरत नाही. सैल सोडला तर बिट तोंडात फार फिरतं. लो पोर्टमुळे जिभेला थोडी जागा मिळते, पण म्हणूनच हिरडीवर दाब वाढतो, हा हिशेब लक्षात ठेवायचा. चार गुण, आणि फक्त माझ्या हातात. अन्वी अजून त्यावर बसत नाही.

कर्ब घेतलं ते शोसाठी. अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशन ही १९४० साली स्थापन झालेली संस्था, तिचं ठाणं टेक्सासातलंच, अमारिलोला. तिच्या वेस्टर्न वर्गांमध्ये पाच वर्षांपर्यंतचा घोडा स्नॅफलमध्ये दोन हातांनी दाखवता येतो, त्याहून मोठ्या घोड्याकडून साधारणपणे कर्ब आणि एक हात अपेक्षित असतो. नवख्यांच्या वर्गांना सवलती असतात, त्या त्या वर्षीच्या नियमपुस्तकात बघून घ्या. शँकची लांबी साडेआठ इंचांपेक्षा जास्त नको, पोर्ट साडेतीन इंचांपेक्षा उंच नको, दांडी ५/१६ इंचापेक्षा बारीक आणि पाऊण इंचापेक्षा जाड नको, हनुवटीचा पट्टा निदान अर्धा इंच रुंद हवा. शोला जायचं नसलं तरी हे आकडे खिशात ठेवा, कारण यापलीकडचं काही दुकानात दिसलं तर ते परत भिंतीवर टांगायला कारण लागत नाही. आणि मी म्हणेन की हे आकडे म्हणजे शेवटची हद्द आहे. साडेतीन इंची पोर्ट तुमच्या-माझ्या हातासाठी नाही.

"स्नॅफल नवशिक्यांचं, खरा घोडेस्वार कर्ब वापरतो," असं म्हणणाऱ्यांना मी फोर्ट वर्थला नेऊन बसवीन. नॅशनल रीन्ड काऊ हॉर्स असोसिएशनची स्नॅफल बिट फ्युच्युरिटी ही कोवळ्या घोड्यांची स्पर्धा तिथे भरते. तीन वर्षांचे घोडे, तोंडात साधं स्नॅफल. आधी कळपातून गाय वेगळी काढायची, मग रीनिंग (ठरलेल्या क्रमाने गोल, गिरक्या आणि घसरत थांबणं), आणि शेवटी कुंपणाच्या कडेने भरधाव पळणाऱ्या गाईला गाठून तिला वळवायचं. माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. इतक्या वेगात, इतक्या कोवळ्या घोड्यावर, इतकं साधं लोखंड पुरतं, कारण बाकीचं काम खोगिरात बसलेला माणूस करतो. कॅलिफोर्नियाच्या जुन्या वाकेरोंची, म्हणजे घोडेस्वार गुराख्यांची, परंपरा याच्याही पुढे जाते. तिथे कोवळ्या तोंडात आधी लोखंड घालतच नाहीत, नाकावर कच्च्या चामड्याच्या वेणीचं बोसल बांधतात, मग बोसल आणि बिट दोन्ही मिळून, आणि कित्येक वर्षांनी स्पेड बिट, म्हणजे मधे उंच पातं असलेलं बिट. ते स्पेड बिट हातात घेऊन बघितलं तर भीती वाटते, पण तिथवर पोचलेल्या घोड्याला ते फक्त तोंडात धरायचं असतं. स्वार वादीला वजनसुद्धा देत नाही. शिक्षण संपत आलं की मगच मोठं बिट. आपल्याकडे आणि इथल्या पुष्कळ पागांतही हे नेमकं उलटं चालतं. शिक्षण कमी पडलं की मोठं बिट.

हे लिहिताना मला शहाद्याकडचं लहानपण आठवतंय. वरातीच्या घोडीच्या तोंडातला काटेरी लगाम मी अगदी जवळून पाहिला आहे. सांध्यांवर खिळ्यांसारखे काटे, ओठांच्या कोपऱ्यात जुने पांढरे व्रण. तेव्हा सगळ्यांना वाटायचं, घोड्याला हे लागतंच. भारतात १९६५च्या ओझ्याच्या जनावरांविषयीच्या नियमांनी काटेरी लगामाला मनाई केली आहे, तरीही तो अजून विकला जातो. गावाकडे कुणी घोडी पाळत असेल, वरातीला देत असेल, तर त्याच्याशी भांडण न करता एक साधं गुळगुळीत स्नॅफल त्याच्या हातात ठेवा. गेल्या खेपेला मी भावाबरोबर एक पाठवलं. ज्यांना दिलं त्या काकांनी पहिल्या दिवशी शंका काढली. मग भावाचा फोन आला की घोडी बँडच्या आवाजातही निवांत उभी राहते आणि काकांनी आणखी एक मागितलंय.

आणि चांगलं बिट घेतलं म्हणून तोंड बघायचं सोडू नका. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधल्या एका अभ्यासात शर्यत संपल्यावर २६१ ट्रॉटर घोड्यांची तोंडं तपासली, तर ८४ टक्के घोड्यांच्या तोंडात, बिट टेकतं त्या भागात, ताज्या जखमा निघाल्या. बाहेर रक्त दिसलं ते फार थोड्यांच्या. म्हणजे बाहेरून ठीक दिसणं याला अर्थ नाही. त्या गाड्या ओढणाऱ्या शर्यतीच्या घोड्यांचं आणि आमच्या ट्रेलच्या घोडीचं आयुष्य वेगळं, हे मान्य. तरी मी आणि अन्वी रपेटीनंतर सोनीचा ओठ उचलून कोपरे बघतो, अंगठा त्या रिकाम्या हिरडीवर हलकेच फिरवतो. लालसर असेल तर दोन-चार दिवस हॅकमोर (तोंडात बिट नसलेला, नाकावरचा लगाम) किंवा नुसती रशी.

मोठ्या बिटाची मागणी अन्वीने पुन्हा केली नाही. तिच्या ट्रेनरने तिला एक व्यायाम दिला होता, तो मला फार आवडला. बिट वाद्यांसकट हेडस्टॉलमधून (घोड्याच्या डोक्यावरच्या साजातून) सोडवून एकीने हातात धरायचं, दुसरीने डोळे मिटून वाद्या ओढायच्या, आणि बिट धरलेलीने सांगायचं की आता दुखलं, आता नुसतं कळलं. अन्वीने बिट धरलं, वाद्या माझ्या हातात होत्या. मी अगदी हलकं ओढते आहे असं मला वाटत असताना ती म्हणाली, "आई, हे दुखतंय." मग आम्ही जागा बदलल्या. मुलं असलेल्या प्रत्येक घरात हे करून बघा, त्याला पैसे पडत नाहीत.

खरेदीबद्दल थोडं. बहुतेक दुकानं तोंडात घातलेलं बिट परत घेत नाहीत, म्हणून शक्यतो ट्रेनरकडून किंवा पागेतल्या ओळखीच्यांकडून उसनं घेऊन बघा, गरम पाण्याने स्वच्छ धुऊन. जुन्या सामानाच्या दुकानात चांगल्या कारागिरांची बिटं निम्म्या किंमतीत मिळतात, पण सांधे झिजलेले नाहीत ना आणि दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या आहेत ना, ते दोन बोटांवर तोलून बघा. माप लिहिलेली काडी बरोबर न्या. डिसेंबरात इथे बऱ्याच दुकानांत सवलत असते. डी-रिंग, पाच इंची, गुळगुळीत, तीन तुकडे, मधला तुकडा गोल, स्वीट आयर्न, जमल्यास तांब्याची पट्टी. दुकानदाराला एवढं सांगितलं की पुरे. आणि त्याने "याच्यापेक्षा जास्त कंट्रोल देणारं दाखवू का?" असं विचारलं, तर नको म्हणा.